सासूबाईंसाठी रिकामं चॅनेल

मी मनिलातल्या एका हॉटेलात दोनशे बारा खोल्यांचं वायफाय सांभाळतो. घरी मात्र बल्बसुद्धा माझी बायको नेनिता बदलते (माझी उंची कमी पडते, असं मी सांगतो). त्यामुळे सासूबाई गेल्या आणि घरात माझ्या हातचं काम निघालं, तेव्हा दुःखातही मला जरा बरं वाटलं. हे सांगायची लाज वाटते, पण आता सांगायलाच बसलोय.

काम मारिविकचं होतं. ही नेनिताची धाकटी बहीण, कुवेतला एका म्हातारीची देखभाल करते. ती येईल म्हणून आम्ही शवपेटी सात दिवस घरात ठेवली, पण मालकिणीने रजा दिली नाही. दिला तो एक तास, सातव्या दिवशी, पेटीचं झाकण लावायच्या वेळचा. आईशी शेवटचं बोलताना मारिविकने रागाने फोन आपटला होता. "कुया," ती मला म्हणाली (कुया म्हणजे दादा, त्यात मान असतो), "मला आईचा चेहरा एकदा नीट बघायचाय. बघून माफी मागायचीय. बाकी काही नको."

आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून सगळं वायफायवरून दाखवत होतो. पण पाहुण्यांचे तीस फोन आणि शेजाऱ्यांचे राउटर यांच्या गर्दीत चित्र अडखळायचं. "आई तुकड्यातुकड्यांनी दिसते," मारिविक सांगायची. शेजारच्या किराणावाल्या चेरिंगबाई म्हणाल्या, "माझं वायफाय घे की. जुनं आहे, पण चालतं." मी नुसता हसलो.

सातव्या दिवशी सकाळी हॉटेलातून एक ॲक्सेस पॉइंट मागून आणला. वायफाय पसरवणारी, हॉटेलात छताला असते ती पांढरी थाळी. ती पेटीच्या वर भिंतीला ठोकली आणि लॅपटॉप उघडून बसलो. प्रेत घरात असेपर्यंत केर काढायचा नसतो, त्यामुळे पाहुण्यांनी सात दिवस खाल्लेल्या शेंगांची टरफलं पायाखाली कुरकुरत होती. बघतो तर वायफायच्या सगळ्या चॅनेलांवर, म्हणजे लहरींच्या वाटांवर, शेजाऱ्यांची गर्दी, आणि एक चॅनेल साफ रिकामं.

"बघ," मी नेनिताला म्हणालो, "अख्ख्या गल्लीत कुणाला हे सुचलं नाही."

"रिकामं का असेल पण?"

"लोकांना अक्कल नसते म्हणून."

चॅनेल निवडताना पडद्यावर सूचना आली होती. इथे रडार जाणवलं तर थाळी अर्धा तास गप्प बसेल, असं काहीतरी. आमच्या घरात कुठलं आलंय रडार, म्हणून मी 'ठीक' दाबलं. आमचं घर मनिलाच्या विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. विमानं गच्चीवरचे कपडे हलवत जातात. पण तीस वर्षांत आम्हाला विमान ऐकू येणंच बंद झालंय, तिथे विमानतळाचं रडार कुठून आठवणार? वर थाळीने दुसरीकडे उडी मारू नये म्हणून बाकीची सगळी चॅनेलं मी बंद करून टाकली.

दुपारी पाद्री आले. मारिविकचा तास सुरू झाला. मी फोन पेटीसमोर धरला आणि त्यात वाकून विचारलं, "दिसतंय का, मारिविक? थांब हं, आता बाजूला होतो."

बाजूला झालो आणि थाळीचा दिवा विझला.

मी थाळी बंद करून चालू केली. पुन्हा केली. चेरिंगबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "तेओ, माझं घेतोस का?"

"झालंच एका मिनिटात," मी म्हणालो.

हे मी तीनदा म्हणालो. त्या तीनदा विचारायला आल्या होत्या. पाद्री वीस मिनिटं थांबले, पण त्यांना पुढे आणखी एक अंत्यविधी होता. नेनिताने माझ्याकडे पाहिलं. मी थाळीकडे पाहिलं. मग तिने आईच्या गालाला हात लावला, दोन बहिणींच्या वाटणीचा, आणि झाकण लावलं गेलं. नातवंडांना एकेक करून पेटीवरून पलीकडे दिलं, म्हणजे आजी त्यांच्या स्वप्नात येत नाही. मला कुणी पलीकडे दिलं नाही. आमच्याकडे मयताच्या घरी कुणी कुणाचे आभार मानत नाहीत. त्या दिवशी ही रीत मला फार सोयीची वाटली.

दफनभूमीत रेंज होती. माती टाकून होते तोच मारिविकचा फोन आला. नेनिताने सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"ताई, कुयाला बोलू नकोस," मारिविक म्हणाली. "चित्र थांबलं होतं. वाटलं, आत्ता सुरू होईल. तास संपत आला, मग मी समोर जे होतं त्यालाच सगळं सांगितलं."

"समोर काय होतं?"

"कुयाचा चेहरा. तोंड उघडं. मी हात जोडून बोलले त्याच्याशी. रडले पण."

नेनिता सात दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता थडग्याशेजारी मटकन खाली बसून रडायला लागली. मला कुठे बघावं कळेना.

"ताई," पलीकडून बारीक आवाज आला, "आईने माफ केलं असेल का गं?"

नेनिताने डोळे पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. "हा बघ, ज्याची माफी मागितलीस तो इथेच आहे. त्यालाच विचार."

मी जोरजोरात होकाराची मान हलवली.

"फोनवर मान दिसत नाही, तेओ," नेनिता म्हणाली. "तोंडाने सांग. नको तेव्हा मात्र उघडं असतं."