लूनकॉलची सत्त्याण्णव टक्के अचूकता

आपण काय करतो आहोत हे ज्या संस्थेला नीट ठाऊक नसतं, तिला ते टक्क्यांत सांगता येणं अत्यावश्यक असतं. सेंट अल्ड्रिक रुग्णालयाला हे तत्त्व फार लवकर उमगलं. म्हणूनच अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या अवाढव्य तळ्याच्या काठावरच्या इतर रुग्णालयांत नुसते रुग्ण बरे होत असताना सेंट अल्ड्रिकमध्ये प्रगती होत होती.

प्रगतीचं नाव होतं लूनकॉल. जंतुसंसर्ग अंगभर भिनून माणूस दगावायला येतो, त्याला सेप्सिस म्हणतात. तो कोणाला होणार हे आधीच सांगणारी ही संगणकप्रणाली. (नाव तळ्यावरच्या लून पक्ष्यावरून. हा पक्षी धोका दिसला की ओरडतो. इतर वेळीही ओरडतो, पण तेवढं माहितीपत्रकात बसलं नाही.) अचूकता सत्त्याण्णव टक्के. उद्घाटनाला निळ्या साखरेचा पक्षी काढलेला केक होता. तो कापताना नवोपक्रम संचालक डॉ. वेंडेल प्रूइट म्हणाले, "भविष्य आज आपल्या वॉर्डात दाखल झालं आहे." भविष्याला लगेच खाट मिळाली, हे विशेष. हाडं मोडलेली माणसं तिथे बाहेरच्या बाकांवर ताटकळतात.

रुग्णालयाने सिग्रिड टॉर्गर्सन नावाची एक संख्याशास्त्रज्ञही पदरी बाळगली होती. मोठ्या संस्थांना अशी एक व्यक्ती लागते. काम झाल्यावर तिची सही घेतात. सिग्रिडने केक खाल्ला आणि सहीऐवजी प्रश्न घेऊन ती प्रूइट यांच्या खोलीत गेली.

"डॉक्टर, हे तपासलं कोणावर?"

"आपल्याच रुग्णांवर."

"आणि शिकवलं कोणावर?"

"त्यांच्यावरच. परक्या माणसांवर कशाला विसंबायचं?"

"म्हणजे ज्या प्रश्नपत्रिकेवर घोकंपट्टी केली, तिच्यावरच परीक्षा दिली."

"आणि बघ, किती गुण पडले," प्रूइट कौतुकाने म्हणाले.

मग तिने सांगितलं की इथे शंभरातल्या तिघांनाच सेप्सिस होतो. तेव्हा जो प्रत्येकाला 'तुला काही होत नाही' म्हणेल, तोही सत्त्याण्णव टक्के बरोबर ठरेल. उपाहारगृहात भिंतीवर भुसा भरलेलं मूस हरणाचं मुंडकं आहे, ते गेली कित्येक वर्षं याच अचूकतेने काम करतं आहे.

प्रूइट यांनी विचार केला. "पण मूसला इंटरनेट जोडता येत नाही," ते म्हणाले. हा मुद्दा बिनतोड होता.

सिग्रिड हट्टी. तिने प्रणालीचं पोट उकलून पाहिलं, तेव्हा तिला कळलं की लूनकॉल ताप, नाडी, रक्तदाब बघतं खरं, पण त्याचा सगळा भरवसा एकाच खुणेवर आहे: रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं का. म्हणजे डॉक्टरांना सेप्सिसची शंका येई, ते औषध लावत, आणि मग यंत्र गंभीरपणे सांगे की या रुग्णाला सेप्सिस होण्याची दाट शक्यता आहे. लग्न लागल्यावर 'यांचं जुळेल' म्हणणारे ज्योतिषी आपल्याकडेही आहेत, पण त्यांना वार्षिक देखभालीचं कंत्राट मिळत नाही.

तिने हे लिहून कळवलं. उत्तर आलं की तिचा उत्साह स्वागतार्ह आहे.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी दुपारी तिने आपल्या मामाला रुग्णालयात आणलं. आर्वो निस्किनन खनिज वाहणाऱ्या जहाजांवर मेकॅनिक होता. निवृत्तीनंतर दोनच कामं उरली होती: गोठलेल्या तळ्यावर मासेमारी आणि शनिवारच्या नाचाला अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी वाजवायची पेटी. मासा साफ करताना काटा डाव्या हाताच्या बोटात रुतला होता. हात कोपरापर्यंत लाल झाला होता, हुडहुडी भरली होती, आणि सिग्रिडला तो तिच्या आईच्या नावाने हाक मारत होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

कामावर डॉ. कीलन मॅब्री नावाचा तरुण डॉक्टर होता. मुलगा वाईट नव्हता; फक्त त्याला नियम शिकवला होता की लूनकॉलच्या विरुद्ध औषध लावायचं तर कारणासह खुलासा लिहावा लागेल. त्याने पडद्याकडे पाहिलं. "लूनकॉल शांत आहे. धोका चार टक्के. थोडं थांबू या."

"अरे, ते शांत आहे, कारण तू औषध लावलेलं नाहीस," सिग्रिड म्हणाली. "आणि तू औषध लावत नाहीस, कारण ते शांत आहे. तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत बसलात तर हा माणूस मरेल."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. म्हणून तर मी त्याच्याकडे बघते आहे."

मॅब्री चिडला, लाल झाला, आणि पुन्हा पडद्याकडे वळला. नर्स लुएला दर थोड्या वेळाने रक्तदाब घेई आणि मुद्दाम मोठ्याने आकडा सांगे. आकडे उतरत गेले. सिग्रिड मामाचा चांगला हात धरून बसली होती. आयुष्यभर तिने माणसांना आकड्यांत मोजलं होतं. आता एक आकडा तिला घट्ट धरून 'दार लाव, गारठा येतोय' म्हणत होता. अंधारून आलं तेव्हा रक्तदाब इतका खाली गेला की मॅब्री पडद्यासमोरून उठला. त्याने खुलासा न लिहिता औषध लावलं.

औषधाचा पहिला थेंब शिरेत गेला आणि लूनकॉल केकाटलं. धोका चौऱ्याण्णव टक्के.

"आलं बाई जागं," लुएला म्हणाली. "पाळणा हलला की सुईण हजर."

आर्वो वाचला. डाव्या हाताची तीन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर त्याने सगळी हकीकत ऐकली.

"मग त्या यंत्राच्या हिशेबी मी काय? पास की नापास?"

"पास," सिग्रिड म्हणाली. "त्याने तुला बरोबर ओळखलं, अशी नोंद झाली आहे." आणि मग ती रडली. रुग्णालयात ती पहिल्यांदाच रडत होती.

पुढल्या बैठकीत तिने सगळं मांडलं. प्रूइट यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्या मामांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पण यंत्राने इशारा दिला, हे तर तू मान्य करतेस?"

"औषध लावल्यावर दिला."

"आधी की नंतर, हा तपशील झाला. समितीने तत्त्व बघायचं असतं."

समितीने तत्त्व बघितलं आणि तीन निर्णय घेतले. एक, लूनकॉल लागू राहील. दोन, ज्या रुग्णांमुळे प्रणालीचा गोंधळ उडतो (दुसरीकडे हलवलेले, निकालाआधीच वारलेले, आणि ज्यांचे नातेवाईक प्रश्न विचारतात ते) त्यांना 'अपवादात्मक' ठरवून मोजणीतून वगळावं. तीन, सिग्रिडला 'विश्वासवर्धन समन्वयक' नेमावं. दुसऱ्या निर्णयाने अचूकता नव्व्याण्णव टक्क्यांवर गेली. उपचारांत काही न बदलता इतका गुण येणं वैद्यकशास्त्रात दुर्मिळ आहे. बाकीची रुग्णालयं लूनकॉल मागू लागली.

तिसरा निर्णय सिग्रिडने नाकारला आणि नोकरी सोडली. हल्ली ती गावातल्या महाविद्यालयात नर्सिंगच्या मुलींना टक्का कशाचा आहे, हे विचारायला शिकवते. वर्ग लहान असतो. आर्वोने अकॉर्डियन विकलं नाही. उजव्या हाताने चाल वाजवतो, डावीकडचा ठेका पायाने धरतो. नाचणारे म्हणतात, काही फरक जाणवत नाही. तो म्हणतो, "खोटं बोलता, पण निदान तोंडावर बोलता."

ही हकीकत छापण्यापूर्वी वाचकांवर रीतसर तपासून घेतली आहे. शंभर टक्के वाचकांना ती पटली. मध्येच सोडून उठलेले अर्थातच मोजलेले नाहीत. तुम्ही मात्र इथवर आलात, तेव्हा तुम्हालाही ती पटली, अशी नोंद झाली आहे. शंभर टक्के म्हणजे किती जण, हे तुम्ही विचारलं नाहीत, त्याबद्दल आभार.