आदी पानी, मग दूध

राऊतकाका कुठलीही बाटली हलवत नाहीत. दोन तळहातांत धरून लाटतात. वटार गावच्या एका लग्नात त्यांनी थंड पेयाची बाटली अशी दहा मिनिटं लाटली, तेव्हा शेजारचा पाहुणा अवघडून दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. "हलवलं का फेस येतो, न् फेस आला का माप चुकतं," हे त्यांनी मला, मी विचारलं नसताना, समजावून सांगितलं.

हे माप इन्सुलिनचं. माझ्या आईला डॉक्टरांनी दोन प्रकारचं इन्सुलिन लिहून दिलं होतं. एक पाण्यासारखं निवळ, पटकन काम करणारं. दुसरं दुधाळ, सावकाश उतरणारं. दोन्ही एकाच सिरिंजमध्ये घेऊन टोचायची. त्या काळात इन्सुलिनची पेनं वसईत आम्ही कुणी पाहिली नव्हती. तळमजल्यावरचे राऊतकाका रोज सकाळी सातला वर येत, बाटल्या टेबलावर मांडत आणि जाहीर करत, "आदी पानी, मग दूध!" त्यांच्या धाकाने आमच्याकडे चहातसुद्धा आधी दूध ओतायची कुणाची छाती नव्हती.

काका डॉक्टर नव्हेत, कंपाउंडरही नव्हेत. एका कारखान्यातले निवृत्त स्टोअरकीपर. तरी आईचा सगळा विश्वास त्यांच्यावर.

मी जळायचो, सरळच सांगतो. आईचं माहेर वटार, काकाही वटारचेच. माझ्यापुढे सारखी कण्हणारी आई त्यांच्यापुढे दंड उघडा करून केळीच्या वाड्यांच्या गप्पा मारायची. ते तिला "मालू" म्हणत. पासष्ट वर्षांच्या बाईला मालू! इंजेक्शन झाल्यावरही गृहस्थ हलत नसत. "खाल्ल्याबिगर सुटका नाय," म्हणत आईची भाकरी संपेपर्यंत घड्याळ बघत बसत. खुर्ची माझी, पेपर माझा, चहा माझा, आणि आई त्यांची.

एका रविवारी मी ठरवलं की आता बास. बँकेत लाखोंचे व्यवहार सांभाळणाऱ्या माणसाला दोन बाटल्या सांभाळता येऊ नयेत? काका यायच्या आत मी सिरिंज भरायला घेतली आणि घाईत आधी दुधाळ औषध ओढलं. मग तीच सुई निवळ बाटलीत खुपसली. तेवढ्यात काका आले. त्यांनी ती बाटली खिडकीशी धरली. आत धुरकट धागा तरंगत होता.

"टोचलंस?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं.

"नाही."

काकांनी बाटली बाजूला ठेवली. "पान्यात दूध गेलं. ही बाटली आता फेकायची. उद्या हिच्यातून माप बरोबर घेशील, पन काम भलतंच होईल."

ते सायकल काढून केमिस्टकडून नवी बाटली घेऊन आले. मग पुढचे पंधरा दिवस रिकाम्या बाटल्यांवर मला शिकवत राहिले. शेवटी एका सकाळी, काका यायच्या आधीच, मी आईला बिनचूक इंजेक्शन दिलं. "दुखलंच नाही रे," आई म्हणाली. मला आभाळ ठेंगणं झालं.

सातला काका दारात. "झालं, काका. मीच दिलं," मी छाती फुगवून म्हणालो.

त्यांनी बाटल्या पाहिल्या. "बराबर," म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. खरं सांगतो, ते कधी जातात याची मी वाट बघत होतो.

"तुझ्या काकूलाबी हीच दोन औषधं होती," ते म्हणाले. "आठ वरसं मी दिली. ती गेली, पन सवय गेली नाय. सकाळी उठून हात धुवायचो न् मोरीपाशी उभाच राहायचो. कोनाला टोचू? मग डॉक्टरनी मालूला दोन बाटल्या लिवून दिल्या. खोटं कशाला बोलू, मना बरं वाटलं."

माझ्या आईच्या आजाराने बरं वाटलेला माणूस समोर उभा होता आणि मला त्याचा राग येईना. माझीच लाज वाटली.

"काका, उद्यापासून तुम्हीच द्या," मी म्हणालो. "मला सकाळी ऑफिसची गडबड असते."

ऑफिस दहाचं होतं, आणि हे त्यांना माहीत होतं. ते "मालू, खाल्लंस का?" म्हणत आत गेले. माझ्या पोटात पुन्हा थोडं दुखलंच. मी त्यांच्यासाठी चहा ठेवला.