निव्वळ चोपन्नचं प्रकरण

'दक्षिण भारतातील एकमेव शास्त्रशुद्ध मराठी गुप्तहेर' असं पद्मनाभरावांनी स्वतःच्या कार्डावर छापून घेतलं होतं. नजर गरुडाची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची, हे ते तोंडी सांगत. एवढं प्राणिसंग्रहालय एका देहात नांदत असताना चष्मा मात्र रोज प्रमोदिनीलाच शोधून द्यावा लागे. बंगळुरातल्या राजाजीनगरच्या त्या दीड खोलीच्या कचेरीत ती सहा वर्षं मदतनीस होती. बोलण्यापेक्षा टिपून ठेवणं तिला बरं वाटे.

१९९४ च्या एका रविवारी दुपारी मालोजी पत्नी रत्नाबाईंना घेऊन आले. मालोजींचं भांड्यांचं दुकान आजोबांच्या वेळचं, गोल्फ तीन वर्षांपूर्वीचं.

"अण्णा, सहा वाजता क्लबची कमिटी बसणार. मला लबाड ठरवून सभासदांच्या यादीतून काढणार आहेत."

"खून कुणाचा झालाय?" पद्मनाभरावांनी विचारलं.

"कुणाचाच नाही. मी स्पर्धा जिंकलो."

"अरेरे!"

प्रमोदिनीने वही उघडली. "मामा, नीट सांगा. मला गोल्फ कळत नाही."

मालोजींनी सांगितलं. मैदान बहात्तर फटक्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा. मालोजींना लागत शहाण्णव. वरचे चोवीस हा त्यांचा हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी सूट. स्पर्धेत एकूण फटक्यांतून सूट वजा करायची. उरलेला आकडा निव्वळ, आणि ज्याचा निव्वळ सर्वांत कमी त्याचा चषक.

"आज सकाळी मला अठ्ठ्याहत्तरच लागले. वजा चोवीस, निव्वळ चोपन्न. माझ्यामागच्याचे एकाहत्तर. चार सभासदांनी तक्रारीवर सही केलीय, की मी मुद्दाम वाईट खेळून सूट वाढवून घेतली. मला लबाड म्हणतात हो!"

चार वाजता सगळे मैदानावर होते. पद्मनाभराव भिंग घेऊन वाळूच्या खड्ड्यात रांगले. संशयास्पद पावलं सापडली. त्यांचा माग काढत ते तीनदा गोल फिरले, तेव्हा प्रमोदिनीने सांगितलं, "सर, ही तुमचीच आहेत."

"मग जुळा भाऊ! वाईट खेळणारा एक, चांगला खेळणारा दुसरा. मालोजी, तुम्हाला जुळा भाऊ आहे?"

"नाही."

"असं सांगायला कुणी शिकवलं? त्यानेच ना?"

पुढे त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून चेंडूला लावलं. चेंडू ढिम्म हलला नाही, पण त्यांच्या किल्ल्या चुंबकाला चिकटल्या. क्लबचे सेक्रेटरी वासुदेवराव घड्याळ बघत म्हणाले, "पावणेसहा."

प्रमोदिनी मालोजींचे फटके लिहिलेली जुनी कार्डं चाळत होती. "सर, आधीची सगळी कार्डं मालोजींच्या मेव्हण्याने लिहिलीत. दुकानात बसतो तोच. आजचं दुसऱ्या खेळाडूने."

"मेव्हणा!" पद्मनाभराव गरजले. "मला तो पहिल्यापासून खटकत होता."

"तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, सर."

"म्हणूनच! मालोजी, एक चेंडू मारून दाखवा. मी मनगट वाचतो."

मालोजी उभे राहिले. काठी एकदा हवेत फिरवली, मग चेंडूला मारली. चेंडू सरळ, लांब गेला.

रत्नाबाई कंटाळून बाकावर बसल्या होत्या. "दोन झाले," त्या म्हणाल्या.

वासुदेवराव वळले. "दोन कसे, अक्का?"

"हवेतला एक, चेंडूचा एक. आमच्या गच्चीवरसुद्धा हे आणि माझा भाऊ असंच मोजतात."

"मालोजी, हवेतला कशाला मोजता?"

"काठी फिरली ना? फिरली ती लिहायची. आमच्याकडे माप कमी देत नाहीत."

"अहो, तो सराव! चेंडू मारायच्या इराद्याने फिरवली तरच फटका. हे किती वेळा करता?"

"प्रत्येक होलच्या सुरुवातीला, एकदा."

"होल अठरा," प्रमोदिनी म्हणाली. "शहाण्णवातून अठरा गेले की अठ्ठ्याहत्तर. मामा रोजच आजच्याइतकं खेळत होते. आज लिहिणाऱ्याने हवेतले मोजले नाहीत, एवढंच."

वासुदेवरावांनी तिथेच पेन काढलं. खरा हँडिकॅप सहा. अठ्ठ्याहत्तर वजा सहा, निव्वळ बहात्तर. चषक एकाहत्तरवाल्याचा, एका फटक्याने.

"आणि माझं नाव?" मालोजींनी विचारलं.

"राहील की. स्वतःवर अठरा फटके चढवणाऱ्याला लबाड कसं म्हणायचं?"

"मग चषक आत्ताच घेऊन जा," मालोजी म्हणाले.

"स्वल्प थांबा," रत्नाबाई म्हणाल्या. "सहा म्हणजे चांगलं का वाईट?"

"क्लबात सहाचे तिघेच आहेत, अक्का. हे चौथे."

रत्नाबाईंनी नवऱ्याकडे लग्नात पाहिलं नसेल इतकं निरखून पाहिलं. "आणि मी तीन वर्षं म्हणतेय, जमत नाही तर सोडा!"

पद्मनाभरावांनी घसा साफ केला. "गुन्हेगार घरातच होता, हे मी ओळखलंच होतं." प्रमोदिनीने ते टिपून घेतलं आणि त्याखाली 'शोध: रत्नाबाई' असं लिहिलं.

सहा वाजता, ही बातमी ऐकून, तक्रारीवर सही करणारे चारही सभासद व्हरांड्यात रांगेने उभे होते. पुढच्या रविवारच्या जोडीच्या सामन्यात प्रत्येकाला मालोजीच हवे होते. रांगेत पहिला होता तो, ज्याने सकाळी त्यांना लबाड म्हटलं होतं.

मालोजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सरी, चालेल," ते म्हणाले. "पण मोजायचं तुम्ही."