जाधवबाईंच्या तळहातावरची बिअर

जाधवबाई बिअर तळहातावर घेतात. आमटीचं मीठ बघायला आपण पळीतून दोन थेंब हातावर घेतो आणि जिभेला लावतो, अगदी तसं. तेही घरात नाही. नेरूळला एक चकचकीत बार आहे, तिथल्या तिथे बिअर बनवतात, पोरंपोरी उंच स्टुलांवर बसून सेल्फी काढतात. अशा ठिकाणी सत्तरीला टेकलेल्या, सुती साडीतल्या बाई ग्लासातला फेस फुंकरीने बाजूला सारतात, हातावर थेंब घेतात आणि डोळे मिटतात. समोर बसलेल्या मला तोंड कुठे लपवू असं होतं.

समोर मी का? तर आमचे दरवाजे समोरासमोर. बारमध्ये बाईमाणसाने एकटं जाऊ नये, असं त्याच म्हणतात आणि मला ओढून नेतात. आता मला बिअर आवडते, पण प्यायला देतील तर शपथ. ग्लासाला हात लावला की, "थांबा, आधी परीक्षा." परीक्षा संपेपर्यंत बिअर कोमट होते. असल्या छळाची तक्रार सोसायटीत करायची तरी कुणाकडे?

बाईंनी उभी हयात शाळेत गृहशास्त्र शिकवलं, मुलींच्या थालीपिठांना मार्क दिले. शिवाय त्या पंचशील पाळतात. पाचव्या शीलात मद्य वर्ज्य, म्हणून चाखून झालं की बेसिनवर जाऊन खळखळून चूळ भरतात आणि मग निकाल सांगतात. चाखणं म्हणजे पिणं नव्हे, हा त्यांचा नियम. माझ्यासाठी मात्र दोन्ही बंद.

ज्याचा हा निकाल लागतो तो तिथे बिअर बनवणारा प्रशांत, बाईंचा एकुलता एक मुलगा. कंपनीतली नोकरी सोडून तो यात पडला. राहतो खारघरला. दर मोसमाला नवी बिअर काढतो आणि हल्ली दर मोसमाला आई येऊन त्याची चामडी सोलते. आंब्याच्या बिअरला म्हणाल्या, "हा आंबा नाही, आंब्याच्या पेटीचा वास आहे." कोकमाच्या बिअरला तर अर्धाच मार्क दिला, तोही ग्लास स्वच्छ होता म्हणून.

या खेपेला जांभळाची होती. बाई चूळ भरायला गेल्या तेवढ्यात मी एक मोठा घोट चोरला. आधी आंबटगोड, आणि मग जिभेच्या कडांना तो तुरट चिमटा. लहानपणी झाडाखाली बसून खाल्लेली जांभळं आठवली. पोराने कमाल केली होती.

बाई परत आल्या. "घोट घेतलात ना? जीभ काढा."

भरल्या बारमध्ये, माझ्या वयाच्या माणसाने, जीभ बाहेर काढली. बाईंनी चष्मा लावून तपासली. "जांभळी नाही. दहापैकी तीन."

प्रशांत तिथेच उभा होता. बिअरने जीभ जांभळी होत नाही, हे त्याने परोपरीने सांगितलं. मग जांभळाचं नाव लावू नकोस, असं बाईंनी एका वाक्यात संपवलं. त्याचे कान लाल झाले. "रविवारी घरी आणतो. बघच तू," म्हणून तो आत निघून गेला.

रिक्षात मी फुटलोच. म्हटलं, बाई, हा शुद्ध अन्याय आहे. बिअर फर्स्ट क्लास होती, पोरगं जीव ओतून काम करतंय, आणि तुम्ही त्याला चारचौघांत नापास करता. तुम्हाला चवीतलं काही कळतं की नाही?



"चांगलीच होती हो. मला काय कळत नाही?"

"मग तीन?"

"थंडीत त्याने पेरूची केली होती. तिला मी आठ दिले. एवढा खूश झाला. मग होळी गेली, आंबे आले, हा काही घरी फिरकला नाही. आंब्याला दोन दिले, तर लागोपाठ दर रविवारी येऊन भांडला. भांडता भांडता जेवलासुद्धा." त्यांनी पदर सावरला. "पास झालेली मुलं शाळेत परत येतात का कधी?"



रविवारी प्रशांत बाटली घेऊन आला. मलाही बोलावणं होतं. बाई सकाळीच दिवाळे गावच्या मासळी बाजारात जाऊन बोंबील घेऊन आल्या होत्या. त्यांनी हातावर दोन थेंब घेतले, चूळ भरली, "चार," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

प्रशांत माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही तरी पिता. खरं सांगा. जमली ना?"

जमली होती. इतकी की अख्खी बाटली मी एकट्याने संपवली असती. एवढी चांगली बिअर आणि एवढं आशेने बघणारं पोर, माझा जीव तुटत होता.

"तुरटपणा कमी पडतोय," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी परत आण."

तुम्हा दोघांच्या जिभा गेल्यात, असं पुटपुटत त्याने बाह्या वर केल्या आणि तो ताटावर बसला.

आतून बाईंनी विचारलं, "प्रशांत, बोंबील अजून दोन तळू का रे?"

"चार तळ," तो रागातच म्हणाला.