मसाला लावलेला मासा

मासा पारखण्यात माझा हात धरणारं माणूस अजून जन्माला यायचंय! माहेर वेंगुर्ल्याचं. अक्षरं शिकायच्या आधी मी बांगड्याचे कल्ले बघायला शिकले, असं आई सगळ्यांना सांगते. त्यामुळे माझ्या नवऱ्याने, यतीनने, "सुट्टीत मोंटानातून जाताना एक दिवस गाइड घेऊन नदीवर फ्लाय फिशिंग करू या का?" असं भीत भीत विचारलं, तेव्हा मी तत्काळ होकार दिला. त्याला घेरी यायची तेवढी बाकी होती! एरवी मी बाथटबमध्येही पोरीला लाइफ जॅकेट घालीन अशी बाई.

यतीन पुण्याचा, कट्टर शाकाहारी. त्याला नदीवर जायचं होतं कारण आम्ही राहतो त्या चँडलर शहरातल्या ऑफिसात त्याचा मॅनेजर दर सोमवारी ट्राउट माशांबद्दलच बोलतो आणि यतीनला नुसतं "ओह, नाइस" म्हणून हसावं लागतं.

मला जायचं होतं ते अंतरासाठी. आमची ही तीन वर्षांची लेक घरी फक्त तळलेला मासा आणि भात खाते. चँडलर सोडल्यापासून मासा नाही, म्हणून जेवण नाही! ढोकळा, पॅनकेक, पराठा, काहीही पुढे करा, उत्तर एकच, "नो! यकी!" माशाच्या आकाराची खारी बिस्किटं मात्र ती चाटायची. नुसती चाटायची आणि ओली बिस्किटं माझ्या हातावर ठेवायची. तिचे गाल बसलेत असं मला वाटत होतं. "भूक लागली की खाईल," असं डॉक्टरही म्हणतात आणि यतीनही. पण रात्री अंधारात पोरीच्या फासळ्या चाचपून बघायचं काम या दोघांपैकी कुणाकडेच नसतं!

म्हणून माझा प्लॅन पक्का होता. गाइड मासा पकडणार, मी तळणार, अंतरा जेवणार. गाडीच्या डिकीत कॅम्पिंगची शेगडी, तवा, तेल, रवा, यतीनसाठी बटाटे, आणि स्टीलच्या डब्यात हळद, मीठ, तिखट नि कोकमाचं आगळ कालवून तयार!

गाइडचं नाव वॉल्ट. आपल्याकडे निवृत्त हेडमास्तर असतात तसा उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा. त्याने यतीनला छातीपर्यंतची रबरी विजार चढवली. त्यात यतीन बारशाच्या पाळण्यातल्या कुंचीतल्या बाळासारखा दिसत होता. गळाला खरा किडा नसून पिसांची खोटी माशी असते हे कळल्यावर यतीनला फारच बरं वाटलं. "बघ, किड्यालासुद्धा त्रास नाही!"

मी काठावर फोल्डिंग खुर्ची टाकून मसाल्याचा डबा घेऊन बसले. ओढणीचं एक टोक अंतराच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला. नदीवर रिस्क नको!

पहिल्या तासात यतीनने एक झुडूप, स्वतःची टोपी आणि वॉल्टची बाही पकडली. मग एकदाचा मासा लागला! वॉल्टने जाळीत धरून तो काठाशी आणला. मी वाकून डोळे बघितले, कल्ले बघितले. पाण्यातून आत्ता आलेला जिवंत मासा ताजाच असणार, हे मला नंतर सुचलं. सवय!

आता वेंगुर्ल्याच्या बाजारातला नियम असा की पहिला मासा कधीही घ्यायचा नाही. नाक मुरडायचं. मग कोळीण टोपलीच्या तळातून खरा माल काढते. मी नाक मुरडलं. "टू स्मॉल!"

"येस मॅम!" वॉल्ट खूश होऊन म्हणाला आणि त्याने मासा अलगद सोडून दिला.

दुसरा बरा होता. तरी मी मान हलवली. "नॉट धिस वन."

"तुमच्या मिसेसना माशांची काळजी आहे हां!" वॉल्ट यतीनला म्हणाला. मी मनात म्हटलं, काळजी कसली बाबा, तू चांगला माल काढ!

आणि तिसरा आला. काय सांगू! कोपरापासून बोटांपर्यंत लांब, अंगावर गुलाबी पट्टा.

"धिस वन!" मी ओरडले.

"फोटो काढू या," वॉल्ट म्हणाला. "हात ओले करा नि दोन्ही हातांनी धरा."

मी मनगटाची ओढणी सोडून खुर्चीला बांधली आणि हात ओले केले. पाण्याने नव्हे, डब्यातल्या मसाल्याने! म्हटलं, फोटो होईस्तोवर मुरायला लागेल. यतीन कॅमेऱ्याचं बटण शोधत होता, तोवर मी पाठीवरून, पोटाखालून व्यवस्थित चोळून घेतलं.

"मॅम!" वॉल्टचा आवाज चिरकला. "व्हॉट इज दॅट?"

"टर्मरिक! सॉल्ट! चिली!" मी अभिमानाने सांगितलं. "फॉर फ्राइंग!"

वॉल्टने मासा माझ्या हातातून काढला, पाण्यात बुडवून भराभर धुतला आणि सोडून दिला! पाण्यात पिवळा ढग उठला. त्या ढगातून आमचं जेवण शेपटी हलवत निघून गेलं.

"अरे, पकडा! यतीन, पकड त्याला!"

"रेणू, इथले मासे सोडून द्यायचे असतात. नियमच आहे. म्हणून तर मी शाकाहारी असून आलो ना!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे! तू दोन स्वतःच सोडायला लावलेस!"

वॉल्टने एकदा आपल्या पिवळ्या हातांकडे, एकदा माझ्या डब्याकडे बघितलं. मग असा हसायला लागला, असा हसायला लागला, की तोल जाऊन पाण्यातच बसला. त्याला उठवायला यतीन गेला, तोही बसला. मी वैतागून अंतराकडे वळले.

खुर्ची होती. ओढणी होती. अंतरा नव्हती.

समोर नदी नुसती वाहत होती. मी पाण्यात धावले, मग झुडपांत धावले, "अंतरा! अंतरा!" हसणं जागच्या जागी थांबलं होतं. यतीन ओल्या विजारीत धडपडत एका बाजूला आणि वॉल्ट त्याच्या वयाला न शोभेलशा वेगाने दुसऱ्या बाजूला पळाला. त्यानेच हाक मारली, "मॅम! ओव्हर हिअर!"

त्याच्या जुन्या ट्रकच्या सावलीत अंतरा पाय पसरून बसली होती. पुढ्यात वॉल्टचा जेवणाचा डबा उघडा. दोन्ही हातांत त्याचं सँडविच, आणि ती खात होती! चाटत नव्हती, खात होती! घास, घास, आणखी घास!

"मम्मा," तोंड भरलेलं ठेवूनच ती म्हणाली, "फिश!"

मी वास घेतला. टिनमधला ट्यूना मासा, मेयोनीज घालून.

"मी नदीतले खात नाही," वॉल्ट ओशाळून म्हणाला. "ते मित्र आहेत. हे दुकानातले आहेत."

मला रडू फुटलं. पोर पाण्यात नव्हती म्हणून, की जेवत होती म्हणून, माझं मलाच कळेना. वॉल्टने दुसरं सँडविचही तिच्यापुढे ठेवलं आणि मला आपला रुमाल दिला. त्याचं जेवण संपलं होतं आणि चेहरा असा, की जणू आम्हीच त्याच्यावर उपकार केलेत! या अनोळखी मुलखात, स्वतःच्या अंगावरून पाणी निथळत असतानाही, माझ्या लेकीने किती खाल्लं हे माझ्याइतकंच निरखून बघणारं माणूस मला भेटलं होतं.

पार्किंगजवळच्या पिकनिक टेबलावर मी शेगडी पेटवली. उरलेला मसाला होताच. बटाट्याचे काप करून रव्यात घोळवून तळले. वॉल्टने तवा रिकामा केला, यतीनने त्याच्याशी स्पर्धा केली. "माशाचं नशीब," वॉल्ट बोटं चाटत म्हणाला, "त्याला आपण केवढे चविष्ट लागलो असतो ते कळलं नाही!"

संध्याकाळी मोटेलमधून कॉलिंग कार्डावर आईला फोन लावला.

"मासो गावलो काय गो?"

"गावलो!"

"चेडवान खाल्ल्यान?" चेडू म्हणजे आमची अंतरा.

"पोटभर, आई! हात चाटून!"

"देव पावलो! आणि मसालो कसो लागलो?"

आता मसाला लावलेला मासा वेगळा आणि खाल्लेला मासा वेगळा, हे वेंगुर्ल्यातल्या बाईला, तेही फोनवर, कोण समजावणार? "आई, आवाज तुटतोय गं!" म्हणाले आणि फोन ठेवून दिला.