न फाटणारं नाव

बोदवडच्या एका लग्नात सुपडूनाना मांडवाच्या कमानीसमोर थबकले, डोळे बारीक केले आणि भर वरातीत ओरडले, "बठ्ठा नवरदेव फाटी गया!" एक करवली सुईदोरा आणायला पळाली. मुलीच्या मामांना वाटलं, मुलगा ऐनवेळी कच खातोय. ते बाह्या सरसावून पुढे आले. खुद्द नवरदेवाने घोड्यावर बसल्या बसल्या शेरवानी मागून चाचपून पाहिली. नाना बोलत होते ते कमानीवरच्या फ्लेक्सबद्दल. कुणीतरी मोबाइलमधला एवढासा फोटो ताणून दहा फुटी केला होता आणि नवरदेवाच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले होते. आमच्याकडे छपाईवाले त्याला 'फाटणं' म्हणतात.

जळगावात नानांचं एका खोलीचं दुकान. आयुष्यभर ब्रशने बोर्ड रंगवले आणि फ्लेक्स आल्यावर पन्नाशीत माउस धरला. आता ते लोकांच्या लोगोची व्हेक्टर फाइल करून देतात. म्हणजे चित्राच्या कडेने ठिपके ठेवत रेषा नव्याने काढायच्या. मग ते कार्डावर छापा नाहीतर पाण्याच्या टाकीवर, कड स्वच्छच राहते. लोक लोगो आणतात तरी कशावर! एकाने टॉवेल आणला होता, तोही ओला. हेच काम एका बटणावर करायची सोय संगणकात आहे, पण तिने एकदा केळ्याच्या फणीचा हातमोजा केला, तेव्हापासून नानांनी तिच्याशी संबंध तोडले. "मशीनले केयानी पाठ कयस का?" असं ते विचारतात; केळ्याच्या पाठीचा बाक कळायला माणूसच लागतो, हे त्यांचं म्हणणं.

दुसरा हट्ट ठिपक्यांचा. चांगली रेषा कमीत कमी ठिपक्यांत बसली पाहिजे. गोलाला चार. पाचवा ठेवणाऱ्याशी नाना बोलत नाहीत. शिवाय वाकडं दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. माझ्या मिशीची डावी बाजू खाली आहे म्हणून त्यांनी एकदा कात्री शोधायला घेतली होती.

अशा माणसाकडे मी आईचं अक्षर घेऊन गेलो. माझी आई, गावाची अक्का, चोपड्यात केळ्याचे वेफर्स करते. पहिल्या पाकिटावर तिने स्वतः स्केचपेनने 'अक्का वेफर्स' लिहिलं, तोच आमचा लोगो. आता धुळ्यात दुकान उघडत होतो, वीस फुटी बोर्ड लावायचा होता, आणि तिच्या 'क्क'ची शेपटी पार वाकडी. वीस फुटांवर सगळं धुळं आईला हसेल, अशी मला धास्ती.

"नाना, सगळं सरळ करून टाका," मी म्हटलं. वाटलं, खूश होतील.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "हाऊ हात कोना शे?"

"आईचा."

"मंग सरळ कया ते त्यामा तुनी माय कोठे ऱ्हायनी?"

"पण नाना, लोक हसतील हो!"

नानांनी दुसरी एक फाइल उघडली. पडद्यावर फक्त 'इंदू'. त्यांच्या बायकोचं नाव. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी शाळा पाहिली नव्हती. लग्नानंतर अक्षरं नानांनीच शिकवली. काकूंच्या हातचं आता एवढंच उरलं होतं, कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेलं, नखाएवढं.

नाना ते मोठं करत गेले. शेवटी एका उकाराने सगळा पडदा भरला. उकाराच्या मध्यावर शाईचा फुगवटा होता.

"आठे थांबनी व्हती ती," नाना म्हणाले. "बरोबर शे का, मले इचारे." मग आणखी मोठं केलं. "देख. फाटत नही."

मी त्या फुगवट्यावरचे ठिपके मोजले. गोलाला चार म्हणणाऱ्या माणसाने तिथे एकवीस ठेवले होते.

"नाना, शेपटी राहू द्या."

"ऱ्हाऊच देतू," असं म्हणून त्यांनी माझं काम पुढ्यात घेतलं. इंदूकाकूंची फाइल मात्र बंद केली नाही. थोडी लहान करून, आपल्याला दिसेल अशी कोपऱ्यात ठेवली.