गुस्टलचे ब्याण्णव ग्रॅम

रुडिगर विडमायरने केलेल्या योजनेत चूक निघालीच, तर ती आधी रुडिगरलाच सापडते, असा त्याचा स्वतःबद्दल पक्का समज होता. त्या रविवारची योजना त्याने गुरुवारीच टाइप करून फ्रिजवर लावली होती. नऊ दहाला मैदानावर विमानाचं वजन. नऊ पंचवीसला परवानगीचा शिक्का. नऊ पंचावन्नला चर्च, तिसरी रांग. दहा चाळीसला हेडविगचं कडवं. सव्वाअकराला परत मैदान, साडेअकराला पहिलं उड्डाण, आणि बाराच्या आत सगळं बंद, कारण बारा ते तीन दुपारची शांतता असते आणि तेव्हा गावात टर्बाइनच काय, गवत कापायचं यंत्रही कोणी लावत नाही.

"कडव्याच्या शेजारी पाच मिनिटं लिहिली आहेस," हेडविग म्हणाली. "ते चार मिनिटांचं आहे."

"एक मिनिट टाळ्यांसाठी."

"चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, रुडिगर. तू शेवटचा कधी आला होतास?"

ईस्टरनंतरचा चौथा रविवार म्हणजे गाण्याचा रविवार. त्या दिवशी पाद्रीबाई प्रवचन दहा मिनिटांत आटोपतात आणि उरलेला उपदेश गायकांच्या हवाली करतात. बोलून सांगितलेलं डोक्यापर्यंत जातं. गाऊन सांगितलेलं त्याच्याही खाली उतरतं आणि तिथे बिऱ्हाड करून राहतं. एकतीस वर्षं हेडविग त्या गायकवृंदात मागच्या ओळीत उभी राहून इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळत आली होती. यंदा पहिल्यांदाच एक कडवं तिच्या एकटीच्या वाट्याला आलं होतं. तिने नवऱ्याकडे एवढंच मागितलं होतं: तिसरी रांग, चार मिनिटं. आणि रुडिगरने हात हातात घेऊन शब्द दिला होता. तो शब्द मोडायचा त्याचा काडीचाही इरादा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कोणाला ते खरं वाटणार नाही.

रिमोटवर उडणारं ते विमान बनवायला चार वर्षं लागली होती. अडीच मीटर लांब, चंदेरी, पोटात खरीखुरी टर्बाइन, केरोसीन पिणारी. अंगणात तिची पहिली चाचणी घेतली तेव्हा मागच्या गरम झोताने दोरीवरचे हेडविगचे गाण्याचे काळे कपडे इस्त्रीवाचून कडक झाले. दुसऱ्या चाचणीत वाफ्यातला आंबट देठांचा रुबार्ब जागच्या जागी शिजला. हेडविगने त्याचा केक केला आणि शेजाऱ्यांना नेऊन दिला, म्हणजे तक्रार अर्ध्यावर थांबली.

आणि गुस्टल. गुस्टल म्हणजे विमानाच्या नाकाशी बसणारा लाकडी वैमानिक. हेडविगने त्याला एका हिवाळ्यात लिंडेन झाडाच्या हलक्या लाकडातून कोरला, गळ्यात लाल विणलेला मफलर बांधला. त्याचं नाक रुडिगरसारखं झालं होतं. ती म्हणायची ते चुकून झालं.

सगळं बिनसलं ते पंधरा किलोंवरून. मॉडेल विमानांच्या क्लबच्या मैदानावर पंधरा किलोंहून जड विमान उडवायचं नाही, आणि वजनही टाकी भरूनच करायचं. परवान्यात तसं लिहिलं होतं. का लिहिलं होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण लिहिणारा माणूस वारला होता. रुडिगरचं विमान भरलं पंधरा किलो तीनशे.

मग त्याने ग्रॅम खरवडायला घेतले. आतला रंग घासून काढला. तारा आखूड केल्या. पोलादी स्क्रू काढून टिटॅनियमचे बसवले, तिथे एकोणीस ग्रॅम वाचले आणि तो दिवसभर शीळ घालत होता. नाकातलं तोलाचं शिसं जेवढं काढता येईल तेवढं काढलं. तोलाच्या फळीवरची सुई शेवटच्या लाल खुणेला जाऊन टेकली. तिच्या मागे एक मिलिमीटर गेलं तर विमान हात ऐकणार नाही, हे त्याने स्वतःच वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. फेब्रुवारीत त्याने गुस्टलचे पाय कापले. अकरा ग्रॅम. बसलेल्या माणसाचे पाय कोणाला दिसतात? ते पाय हेडविगला वर्कशॉपच्या कचऱ्यात सापडले. तिने ते उचलून बटणांच्या डब्यात ठेवले.

एप्रिलअखेर घरच्या काट्यावर विमान भरलं चौदा किलो नऊशे पंचाऐंशी. रुडिगरने तो आकडा चौकटीत लिहिला.

रविवारी नऊ दहाला मैदानावर क्लबचा अध्यक्ष लोथार क्नॉस काटा मांडून तयार होता. लोथारकडे स्वतःची दोन विमानं होती, दोन्ही विकत आणलेली, हे रुडिगर कधी विसरत नसे आणि लोथारलाही विसरू देत नसे. बाजूच्या टेबलावर म्हातारा बर्टोल्ड मैदानाची नोंदवही उघडून बसला होता. या वहीत सगळं लिहायचं असतं. कोण आलं, वारा कुठला, कोण काय करतोय. बर्टोल्ड चाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलवर होता. त्याच्या वहीतून माशीसुद्धा नोंद न होता गेली नसती.

काट्यावर आकडा स्थिरावला. पंधरा किलो सत्तर.

"शक्य नाही," रुडिगर म्हणाला.

"सत्तर ग्रॅम," लोथार म्हणाला. "तुझ्या नाश्त्याचा पाव पडला का आत?"

"काटा चुकतोय."

लोथारने एक किलोचं वजन काट्यावर ठेवलं. काट्याने एक किलोच दाखवलं. मग त्याने काट्याखालचा सरकारी शिक्का दाखवला. रुडिगरने वाकून तारीख वाचली.

"मी पावणेदहाला निघतो, चर्चला," लोथार म्हणाला. "सव्वाअकराला परत येतो. तोवर सत्तर ग्रॅम कमी केलेस तर शिक्का देतो. बारानंतर मला पुतण्याच्या जेवणाला जायचंय. नाहीतर पुढच्या मेमध्ये. शिक्क्याचा दिवस वर्षातून एकच."

"पुढच्या मेमध्ये!"

"मे दरवर्षी येतो."

रुडिगरने वही उघडली. शिसं काढणं अशक्य, तोल जाईल. तारा अशक्य. रंग उरलाच नव्हता. मग त्याने पान उलटलं. शेवटच्या पानावर 'सजावट' असा मथळा होता आणि त्याखाली एकच ओळ: गुस्टल, पायांशिवाय, ब्याण्णव ग्रॅम.

आता जरा या माणसाची बाजू समजून घ्या. तोलाचं पान सहावं. सजावटीचं पान शेवटचं. ज्याची नोंद सजावटीत आहे त्याचा तोलाशी काय संबंध? शिवाय एकेचाळीस कलमांच्या तपासणी यादीत तोल नवव्या क्रमांकावर होता आणि त्याच्यापुढे सकाळी आठलाच बरोबरची खूण झाली होती. खूण झालेलं कलम पुन्हा उघडायचं नसतं. एकदा ते सुरू झालं की माणूस कुठे थांबेल?

गुस्टलवरच्या काचेच्या घुमटीला चौदा स्क्रू होते. एकाला दीड मिनिट धरलं तरी एकवीस मिनिटं. आता नऊ सत्तावीस. म्हणजे नऊ पंचावन्नला चर्च, अजूनही आरामात. त्याने बाही वर केली.

तेरा स्क्रू लोण्यासारखे निघाले. चौदाव्याचं डोकं घासून गोल झालं.

"पोलादी असता तर निघाला असता," बर्टोल्ड वहीतून मान वर न काढता म्हणाला.

"पोलादी जड असतात."

"हो का. मी लिहितो: स्क्रू अडकला."

"ते कशाला लिहिता?"

"घडलं म्हणून."

लोथार सायकलवर टांग टाकून गेला. रुडिगरने पक्कड लावली, मग चिमटा, मग रबराचा तुकडा. नऊ पन्नासला चर्चची घंटा सुरू झाली. खालच्या दरीतून ती मैदानापर्यंत स्वच्छ यायची. 'घंटा दहा मिनिटं वाजते,' त्याने स्वतःला सांगितलं. मग घंटा थांबली. 'आधी ऑर्गन असतो,' त्याने सांगितलं. मग ऑर्गन झाला. 'आधी वाचन असतं, कडवं दहा चाळीसला आहे,' त्याने सांगितलं. दहा पंचवीसलाही तो स्क्रूवर वाकलेला होता. गाडीने चर्च सहा मिनिटांवर. दहा तिसाला निघालं तरी चालेल. दहा बत्तिसाला. दहा चौतीस म्हणजे अगदी शेवटचं.

दहा सदतिसाला त्याने ड्रिल हातात घेतलं.

टिटॅनियमला भोक पाडायचं तर ड्रिल हळू आणि खूप वेळ चालवावं लागतं, आणि त्याचा आवाज दातांच्या डॉक्टरच्या यंत्रासारखा येतो. दहा अठ्ठेचाळीसला स्क्रू तुटून निघाला. रुडिगरने घुमटी उचलली, गुस्टलला खुर्चीवरून खेचून काढला आणि जाकिटाच्या खिशात कोंबला. मग घड्याळ बघितलं, आणि उरलेल्या तेरा स्क्रूंनी घुमटी परत बसवायला घेतली.

सव्वाअकराला लोथार आला तो डोळे पुसत.

"काय गायली रे हेडविग! माझी बायको रडली. आमच्या लग्नातही रडली नव्हती. तिसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती म्हणून मी तिथे बसलो, थेट समोर. तू कुठे होतास?"

"वजन कर," रुडिगर म्हणाला.

चौदा किलो नऊशे अठ्ठ्याहत्तर. शिक्का बसला. बर्टोल्डने यादी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि रुडिगर एकेक गोष्ट करत गेला. सव्वीस, रिमोटची बॅटरी. सत्तावीस, झाकणं काढणे. हवेच्या तोंडांतले लाल फोमचे बोळे, धुराड्यावरचं धातूचं टोपण, लाल फिती, सगळं काढून त्याने दुसऱ्या खिशात भरलं. अठ्ठावीस, इंधनाची कळ. टर्बाइन घुमली, शीळ चढत गेली, आणि रुडिगरच्या मानेवरचे केस उभे राहिले. चार वर्षं. निदान हे तरी होणार होतं.

साडेअकराला विमान धावलं. धावपट्टीच्या मध्यावर नाक उचललं, सुंदर उचललं, आणि मग उचलतच राहिलं. रुडिगरने रिमोटची काडी पुढे ढकलली. विमानाने मान खाली घातली आणि पुन्हा वर फेकली, खुंट्याला बांधलेल्या वासरासारखी. पुढे. मागे. पुढे. मग ते शेपटीवर उभं राहिलं, क्षणभर विचार केल्यासारखं, आणि पाठीवर उलटून शेजारच्या मोहरीसारख्या पिवळ्याजर्द शेतात शिरलं. धूर आला. विझवायचं नळकांडं बर्टोल्डच्या हातात आधीपासूनच होतं.

चंदेरी तुकडे गोळा करून टेबलावर मांडले जात होते तेव्हा हेडविग सायकलवरून आली. अंगावर गाण्याचे काळे कपडे, मागे कॅरिअरला केकचा डबा. तिने टेबलाकडे बघितलं.

"गुस्टल?" तिने विचारलं.

रुडिगरने खिशात हात घातला. चुकीचा खिसा. लाल बोळे, टोपण, फिती टेबलावर आल्या. काटा अजून चालूच होता आणि बर्टोल्डला चालू काटा रिकामा बघवत नसे. त्याने ते सगळं उचलून काट्यावर ठेवलं.

"पंचाऐंशी ग्रॅम," तो म्हणाला, आणि लिहिलं.

पंधरा किलो सत्तरमधून पंचाऐंशी वजा करायला फार हुशारी लागत नाही. उत्तर रुडिगरच्या वहीत एप्रिलपासून चौकटीत लिहिलेलं होतं.

"वजन करताना झाकणं काढली नव्हतीस?" लोथारने विचारलं.

"वजन चौदाव्या क्रमांकावर आहे," रुडिगर पुटपुटला. "झाकणं सत्ताविसाव्या."

लोथारने विचार केला. "मग बरोबर आहे," तो म्हणाला. "क्रमाने तर व्हायलाच हवं."

रुडिगरने दुसऱ्या खिशातून गुस्टल काढून दिला. हेडविगने त्याचा मफलर सरळ केला.

"कारणाच्या रकान्यात काय लिहू?" बर्टोल्डने विचारलं.

"वारा," रुडिगर म्हणाला.

"वारा गाणं ऐकू येण्याइतकाच होता."

हेडविगने मान वर केली. "कसलं गाणं?"

बर्टोल्डने वही तिच्याकडे फिरवली. सिग्नलवर कमावलेलं अक्षर, एकेक मोत्यासारखं. ती उभ्या उभ्याच वाचू लागली, आणि रुडिगरला तिच्या खांद्यावरून ते वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दहा एक्केचाळीस. वारा मंद, पश्चिमेचा. चर्चमधून एका बाईचं गाणं मैदानावर शब्द न् शब्द ऐकू येतं. सभासद विडमायर ड्रिल चालवत आहेत.

तिने वही मिटली. केकचा डबा टेबलावर, तुकड्यांच्या शेजारी ठेवला. गुस्टलला सायकलच्या पुढच्या टोपलीत तोंड रस्त्याकडे करून बसवलं.

"याचे पाय घरी आहेत," ती म्हणाली. "संध्याकाळी चिकटवेन."

"हेडविग," रुडिगर म्हणाला, "ते कडवं. घरी एकदा म्हणशील?"

"पुढच्या वर्षी. गाण्याच्या रविवारी." तिने पायडलवर पाय ठेवला. "विसरशील. यादीत लिहून ठेव."

ती उतारावरून गेली. रुडिगरने यादी काढली, पेन्सिल काढली. एकेचाळिसावं कलम पानाच्या अगदी तळाशी संपत होतं. त्याने पान उलटलं. मागे कोरं होतं, पण मागच्या बाजूला लिहिलेलं कोणी वाचत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"लिहू का मी माझ्या वहीत?" बर्टोल्डने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लिहूनही टाकलं.